ठिपका कोणत्या गावावर?

आत्याच्या केसपेपरवर तिचे गाव चुकले होते.

भूम तालुक्यातल्या एका वाडीत तिचा सगळा संसार झाला. छातीतली गाठ चिघळायला लागली तेव्हा तिला पुण्याला नेले. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारले, "राहणार?" चुलतभावाने हडपसरच्या आपल्या खोलीचा पत्ता सांगून टाकला. पत्र आले तर मिळावे, निरोप चुकू नये, इतकाच हेतू. आत डॉक्टरांनी विचारले, गाठ कधीपासून आहे? "दोन दिवाळ्या झाल्या." मग दाखवली का नाही? आत्या म्हणाली, "दुखत नव्हती की."

या दोन उत्तरांवर, म्हणजे पत्त्यावर आणि न दुखण्यावर, स्तनाच्या कर्करोगाचा भारतातला सगळा नकाशा उभा आहे. पत्ता चुकला की ठिपका दुसऱ्या जिल्ह्यात पडतो. गाठ दाखवलीच नाही तर ठिपका पडतच नाही. आत्या हडपसरची झाली. पुण्याच्या आकड्यात एकाची भर पडली आणि भूमच्या नकाशावर एक कोरी जागा राहिली. कोऱ्या जागेकडे पाहून कुणीही म्हणेल, खेड्यात कुठला आलाय कॅन्सर, मोकळी हवा, शेतातली भाजी!

हे वाक्य खरे की खोटे, हे नीट तपासायचा देशातला पहिला मोठा प्रयत्न बार्शीत झाला. बार्शीकरांनाही हे फारसे ठाऊक नसते. बार्शी म्हणजे भगवंताचे देऊळ, तुरीची आणि ज्वारीची पेठ, आणि एके काळची ती छोटी रेल्वे, एवढेच आपण पाहुण्याला सांगतो. १९८७ साली इथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, हे सांगायचे राहून जाते.

कर्करोगाची नोंदणी दोन तऱ्हेची असते. एक दवाखान्याची: आमच्याकडे यंदा इतके रुग्ण आले. ती दवाखान्याच्या कामाला उपयोगी, पण तिच्यावरून नकाशा काढता येत नाही, कारण ते रुग्ण कोणत्या लोकसंख्येतून आले हेच कळत नाही. दुसरी लोकसंख्येची: एक हद्द आखायची, तिच्यात किती माणसे राहतात ते मोजायचे, आणि त्या माणसांपैकी ज्याला ज्याला कर्करोग झाला त्याची नोंद करायची, मग तो उपचाराला कुठेही जावो. अंश आणि छेद, दोन्ही हवेत. मुंबईत अशी नोंदणी डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्येच सुरू केली होती. ती देशातली पहिली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ चा. पण ही सगळी शहरे. शहरात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा असतात, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असते. नोंदणीचा माणूस रुग्णालये फिरला, फायली उघडल्या, की बरेचसे काम होते.

बार्शीत उघडायला फायलीच नव्हत्या.

नोंदणीची हद्द होती बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे. नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने हा मुलूख मोठा मजेदार आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. परंडा आणि भूम उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात. १९४७ पूर्वी बार्शीत इंग्रजांचा अंमल होता आणि शेजारच्या परंड्यात निजामाचा. रोगाला अर्थातच ही सरहद्द माहीत नव्हती, आणि बाजाराला जाणाऱ्या माणसालाही. परंड्याची तूर बार्शीच्या अडतीवर यायची, आणि परंड्याचा आजारीही बार्शीलाच यायचा. बार्शीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कॅन्सर हॉस्पिटल उभे राहिले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा आधार होता. डॉ. भगवान नेने यांच्यासारखे डॉक्टर इथे होते आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासारख्या संशोधक या कामामागे होत्या. त्यांच्यापुढचा पेच साधा होता. माणूस आजारी पडून, दवाखान्यात न जाता, घरच्या घरी मेला, तर त्याची नोंद कशी करायची?

त्यांनी काढलेला मार्ग असा की आजारी माणूस नोंदणीकडे यायची वाट पाहायची नाही, नोंदणीनेच गावात जायचे. कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, पुन्हा पुन्हा त्याच गावांत. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका यांच्याशी ओळख ठेवायची. पारावर, देवळात, शाळेच्या व्हरांड्यात चार माणसे जमवून कर्करोगाची लक्षणे सांगायची: न भरणारी जखम, तोंडातला चट्टा, अंगावरून अवेळी जाणारे रक्त, छातीतली गाठ. मग विचारायचे, गावात असे कुणाला आहे का? कुणी मोठ्या दवाखान्यात गेले आहे का? सापडलेल्या माणसाला समजावून बार्शीच्या दवाखान्यात तपासायला आणायचे. शिवाय सोलापूर, पुणे, मिरज, मुंबई इथल्या रुग्णालयांत जाऊन या तीन तालुक्यांतले कुणी आले होते का ते शोधायचे. मिरज कसे, असे वाटेल. पण बार्शीची ती नॅरोगेज पुढे लातूरपासून मिरजेपर्यंत जोडली गेली होती. मिरजेचे मिशन हॉस्पिटल या गाडीने गाठता यायचे.

यातली खरी अडचण बायकांच्या बाबतीत होती, आणि ती कुठल्याही अहवालात पुरती मावणार नाही. पारावरच्या सभेत तंबाखूवर बोलता येते. छातीतल्या गाठीवर बोलायचे तर आधी पार सोडावा लागतो. आमच्याकडे त्या अवयवाला सभ्य नाव नाही. 'स्तन' पुस्तकातला, बोलीतला शब्द शिवीच्या जवळचा, म्हणून बायका 'छातीत', 'अंगावर पाजायच्या जागी' किंवा नुसतेच 'इथं' असे म्हणून पदरावर हात ठेवतात. आत्याने दोन दिवाळ्या तेच केले असणार. गाठ दुखत नाही हीच तर त्या रोगाची लबाडी. दुखणारी गाठ बाई चार दिवसांत दाखवते. न दुखणारी पदराआड वाढते.

एवढा खटाटोप करून जे आकडे हाती आले त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, खेड्यातल्या बाईला कर्करोग होतो, आणि त्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे. दुसरी, स्तनाचा कर्करोग मात्र इथे खरोखरच कमी आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा दर लाख स्त्रियांमागे वर्षाला दहाच्या आतबाहेर होता, तर त्याच काळात मुंबईत तो पंचविसाच्या पुढे. पाश्चात्त्य देशांत आजही तो शंभराच्या आसपास जातो.

इथे चिकित्सक वाचक थांबेल. हा दर खरेच कमी, की आत्यासारख्या बायका मोजायच्याच राहिल्या? शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्याच वहीत होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा छातीतल्या गाठीहून जास्त लपवला जाणारा आजार. तो या गावांत स्तनाच्या कर्करोगाच्या दुपटीहून अधिक सापडत होता. लाजेच्या पदराआडची एवढी मोठी गोष्ट ज्यांना सापडली, त्यांच्या नजरेतून स्तनाच्या गाठी निम्म्या-पाऊण निसटल्या असतील हे पटत नाही. काही निसटल्याच असतील. पण मुंबईशी असलेला फरक निसटण्याने भरून निघण्याएवढा लहान नाही. बार्शीच्या नोंदणीचे मला वाटणारे मोल हे आहे. तिने कमी आकडा दिला आणि तो विश्वास ठेवण्यासारखा दिला. न विचारता मिळालेला कमी आकडा आणि दारोदार विचारून मिळालेला कमी आकडा, नकाशावर दोन्हींचा रंग सारखाच फिकट दिसतो, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग कमी का? याचे उत्तर शोधायची सुरुवात फार जुनी. इटलीतल्या पादुआचे वैद्य रामाझिनी यांनी १७१३ मध्ये लिहून ठेवले की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त होतो. १९२६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी रोग झालेल्या सुमारे पाचशे आणि न झालेल्या तितक्याच बायकांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मुले कमी, लग्न उशिरा, तिथे धोका जास्त. १९७० मध्ये ब्रायन मॅकमॅहन यांच्या सात ठिकाणच्या अभ्यासाने दाखवले की पहिले मूल जितक्या कमी वयात तितका धोका कमी. आणि २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र केल्यावर हिशोब निघाला: प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी उतरतो, आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. मासिक पाळी उशिरा येणे, ती लवकर जाणे, मधली वर्षे गरोदरपणात आणि पाजण्यात जाणे, याने स्तनाच्या पेशींना मिळणारी इस्ट्रोजेनची एकूण मात्रा घटते.

मुंबईच्या नोंदणीने हीच गोष्ट एका शहराच्या आत दाखवली होती. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा बराच जास्त निघाला. हवा तीच, पाणी तेच. लग्ने उशिरा आणि मुले थोडी.

आता हे सगळे परंडा-भूमवर ठेवून पाहा. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिले मूल, चार-पाच बाळंतपणे, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर. पोटभर न मिळाल्याने पाळीही उशिरा. स्तनाचा कर्करोग कमी असण्याची सगळी सामग्री इथे हजर. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची? त्याचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. लवकर सुरू झालेले वैवाहिक जीवन आणि वरचेवर बाळंतपणे त्याला वाट करून देतात. म्हणजे नकाशावरची फिकट छटा आणि गडद छटा एकाच लग्नमांडवातून निघाल्या आहेत. म्हणून 'आमच्या खेड्यात ब्रेस्ट कॅन्सर कमी' हे वाक्य कुणी अभिमानाने म्हणू लागले की मला अवघडल्यासारखे होते. त्या कमीपणाची किंमत मुलींनी शाळा सोडून मोजली आहे.

ती सामग्री आता बदलते आहे, आणि बदलायलाच हवी होती. महाराष्ट्रात आज एका स्त्रीमागे सरासरी दोनांहूनही कमी मुले आहेत. मुली बार्शीला, पुण्याला शिकायला जातात. मुंबईत स्तनाच्या कर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आधीच मागे टाकले होते, आणि त्यानंतर एकामागून एक शहरांत तेच घडले. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय आकड्यांत हैदराबादचा दर लाखामागे ४८ निघाला, देशात सर्वांत वरचा. २०२२ मध्ये देशभरात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. खेड्यांचा रंगही हळूहळू गडद होणार. आत्याच्या पिढीपेक्षा तिच्या नातीचा धोका जास्त आहे. यावर उपाय म्हणून नातीचे लग्न लवकर लावा असे सुचवणारा कुणी भेटलाच, तर त्याला गर्भाशयमुखाचा नकाशा दाखवावा.

इथपर्यंत तालुक्याची गोष्ट झाली. गावागावाचा नकाशा काढायला बसले की वेगळीच गंमत सुरू होते.

एका कागदावर १८ ओळी आणि १९ रकाने आखा. ३४२ घरे होतात. म्हणजे जवळपास बार्शी नोंदणीची गावे. चार गावांची माफी मागू. आता तुरीचे २५ दाणे घ्या. पंचवीसच का, तर अडीच लाख स्त्रिया आणि लाखामागे दहाचा दर धरला तर वर्षाला पंचवीस रुग्ण होतात. दाणे डोळे मिटून कागदावर पसरा, असे की प्रत्येक दाण्याला कुठल्याही घरात पडायची सारखीच संधी. मी हा खेळ स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केला. पहिल्याच फेरीत एका घरात दोन दाणे पडले. हिशोब केला तर दहापैकी सहा वेळा असे होतेच: कुठल्या ना कुठल्या घरात दोन दाणे शेजारी शेजारी. खरी गावे लहान-मोठी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे याहूनही जास्त वेळा होणार.

आता त्या घराला गाव समजा. दीड हजार वस्ती, साडेसातशे बायका. लाखामागे दहा हा दर असेल तर या गावात साधारण तेरा वर्षांत एक रुग्ण निघायला हवा. यंदा दोन निघाले. दर काढा: लाखामागे २६७! जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. नकाशावर गाव लालभडक. आणि पारावर चर्चा सुरू: बोअरच्या पाण्यात काहीतरी आहे, फवारणीचे औषध आहे, टॉवर आहे. पुढची बारा वर्षे त्या गावात एकही रुग्ण निघाला नाही तरी ती चर्चा कुणी मागे घेत नाही. शेजारच्या ३१८ गावांत यंदा एकही दाणा पडलेला नाही, ती सगळी पांढरी शुभ्र. त्यांनी काही पुण्य केलेले नसते.

पाण्यावर आणि फवारणीवर शंका घेणे चूक आहे असे मी म्हणत नाही. शंका घ्यावी, पण दाण्यांचा खेळ आधी करून पाहावा. अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या बायकांनी आपल्याकडे स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो म्हणून आवाज उठवला, आणि १९९३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून चौकशी लावली. संशयित होते डीडीटीसारखी कीटकनाशके. २००२ मध्ये निष्कर्ष आले. या रसायनांशी संबंध सापडला नाही.

लहान गावांच्या या चंचल आकड्यांना आवरायला संख्याशास्त्रात एक युक्ती आहे. तिला मी शेजारधर्म म्हणतो. एखाद्या गावाचा दर ठरवताना त्याच्या एकट्याच्या आकड्यावर विसंबायचे नाही, सभोवतालच्या गावांकडून थोडा आकडा उसना घ्यायचा. गाव जितके लहान, उसनवारी तितकी जास्त. त्याने नकाशावरचे लाल-पांढरे ठिगळ जाऊन सलग छटा दिसू लागतात. याला तोटाही आहे: एखाद्या गावात खरोखरच काही बिघडले असेल तर शेजाऱ्यांच्या सज्जनपणात तेही झाकले जाते. म्हणून दहा-पंधरा वर्षे न थकता मोजत राहणे, याला पर्याय नाही. कर्करोगाचा नकाशा काढायला संगणक एक दुपार घेतो, त्यातले आकडे गोळा व्हायला एक पिढी जाते.

वयाचा घोळ निराळाच. कोकणातली कितीतरी गावे आज म्हाताऱ्यांची आहेत, तरुण मुंबईला. हिंजवडीत सगळे तिशीतले. कर्करोग वयाबरोबर वाढतो, त्यामुळे नुसता दर काढला तर कोकणातले गाव विषारी आणि हिंजवडी निरोगी दिसेल. यावर तोड म्हणून सगळ्या जगाची मिळून एक काल्पनिक लोकसंख्या वापरतात; जपानच्या मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये सुचवलेली, पुढे थोडी सुधारलेली. प्रत्येक प्रदेशातले वयागणिक दर घ्यायचे आणि त्या काल्पनिक लोकसंख्येवर लावून पाहायचे. वर मी बार्शीचे, मुंबईचे, हैदराबादचे जे दर दिले ते असे वय जुळवून घेतलेले आहेत.

आणि डोळ्यांची फसवणूक. महाराष्ट्राच्या नकाशावर गडचिरोली जिल्हा तळहाताएवढा आणि मुंबई तिळाएवढी. रंग भरला की नजर गडचिरोलीवर जाते. माणसे आहेत तिळात.

सगळ्या देशाचा नकाशा काढायचा तर मोठी अडचण अशी की राष्ट्रीय नोंदणीत देशाची थोडीच लोकसंख्या येते. उरलेल्या देशाचे काय? बंगळूरच्या डॉ. नंदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१-०२ मध्ये यावर एक व्यवहारी तोड काढली. देशभरातल्या शंभराहून अधिक पॅथॉलॉजी विभागांना इंटरनेटने जोडले. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग निश्चित झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची माहिती आणि त्यांचे पत्ते गोळा केले, आणि जिल्हावार नकाशा मांडला. मला या कामातला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे त्यांनी दराला दिलेले नाव: किमान दर. निदान इतके तरी आहेत. याहून जास्त असतील, कमी नाहीत. सरकारी कागदात इतकी प्रामाणिक संज्ञा क्वचित सापडते. त्या नकाशाने ईशान्येतला पोटाचा कर्करोग आणि गंगेच्या खोऱ्यातला पित्ताशयाचा कर्करोग ठळक केला. पण तो नकाशा उभा होता पत्त्यावर. निदान कुठे झाले यावर नाही, बाई राहते कुठे यावर.

म्हणून पत्त्याची किरकिर. नोंदणीचा नियम असा की जिथे किमान वर्षभर वास्तव्य आहे तिथला तो रहिवासी. उपचारापुरते लेकीकडे, भावाकडे राहिलेली बाई पुणेकर होत नाही. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली भूमची बाई साखर कारखान्याच्या तळावर आजारी पडली तरी ती भूमचीच. हे कागदावर सोपे आहे. पण केसपेपरवर लिहिलेले असते नुसते 'पिंपरी'. पुण्याजवळची? की बार्शी तालुक्यातली श्रीपत पिंपरी? तालुका लिहिलेला नसेल तर नोंदणीवाला काय करणार? बहुतेकदा पुढे तो त्या गावात जातो आणि पारावर बसून विचारतो.

या सगळ्या मोजदादीचा बाईला उपयोग काय, असे आत्याने नक्की विचारले असते. बार्शीत त्याचे उत्तर लवकर मिळाले. गावात जाऊन विचारणे आणि सांगणे एकाच वेळी होत असल्याने काही वर्षांतच गर्भाशयमुखाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागले. मोजणे हेच औषधासारखे लागू पडले. पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात याच मंडळींनी १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या बाईची विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी केली, तरी आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळले. कोण जगले, कोण गेले हे गावोगाव मोजायची सवय नसती तर हा अभ्यास जमला नसता.

स्तनाच्या बाबतीत असे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आले. १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर टाटा मेमोरियलने केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचे, एवढेच. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. आत्या बासष्टची होती. दोन दिवाळ्यांपैकी एका दिवाळीला एक शिकलेला हात तिच्या गाठीला लागला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा घरातल्या कुणाला घेऊन मोठ्या दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहाल, आणि आतला माणूस मान वर न करता "राहणार?" विचारेल, तेव्हा मोबाइल नंबर खुशाल पुण्याच्या भावाचा द्या. पत्ता मात्र जिथे चूल आहे तिथला सांगा: गाव, तालुका, जिल्हा. आणि त्याने तालुका लिहिला की नाही, ते वाकून बघा.